शाईचं पेन घेताना या चुका टाळा

जुन्या पेनांच्या व्यवहारात 'चालू आहे' या दोन शब्दांवर पैसे मोजू नका. विक्रेता निब शाईत बुडवून सही करून दाखवतो. त्यातून निब लिहिते एवढंच कळतं. पेन शाई ओढतं का, आणि ओढलेली धरून ठेवतं का, हे वेगळंच प्रकरण, आणि दुरुस्तीचा खर्च निघतो तो तिथेच.

पार्कर ५१चं उदाहरण घ्या. हे पेन १९४१ साली बाजारात आलं. सुरुवातीची पेनं व्हॅक्युमॅटिक पद्धतीची, म्हणजे आतला रबरी पडदा हलून शाई वर ओढणारी. १९४८पासून एरोमेट्रिक आली, म्हणजे पट्टी दाबून आतल्या पिशवीत शाई भरायची. टोपण लावलेलं असताना दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. मागच्या टोकाचं छोटं टोपण फिरवून निघत असेल आणि खाली दाबायचा दांडा दिसत असेल, तर ते व्हॅक्युमॅटिक. इतक्या वर्षांत रबर कडक होतं नाहीतर चिकट होऊन विरघळतं, म्हणून 'पडदा बदललाय का?' हा पहिला प्रश्न. बदललेला नसेल तर ते काम किमतीत धरा. त्याला खास हत्यार लागतं, घरी पक्कड लावू नका.

एरोमेट्रिकमध्ये मागची नळी काढली की धातूचं आवरण आणि दाबायची पट्टी दिसते. निब पाण्यात धरून पट्टी दाबा. बुडबुडे आले, पट्टी सोडल्यावर पाणी वर गेलं आणि पुन्हा दाबल्यावर बाहेर पडलं, तर आतली पिशवी शाबूत आहे. या पिशव्या रबराच्या नसल्यामुळे आजही बऱ्याचदा उत्तम चालतात. पहिलंच जुनं पेन घेणाऱ्याला मी एरोमेट्रिकच सुचवेन.

निब सोन्याची म्हणून लवचीक असेल, हा गैरसमजही महाग पडतो. ५१ची निब सोन्याची असूनही चांगलीच ताठ असते. भिंगातून टोकावरचा कठीण धातूचा मणी तेवढा नीट पाहा. तो झिजलेला असेल तर बाकीची चकाकी विसरा.

साफ करताना गरम पाणी आणि स्पिरिट दोन्ही टाळा. जुनं काळं एबोनाइट, म्हणजे पेनाचं कडक रबर, पाण्यात भिजत ठेवलं तर तपकिरी पडतं.

नवीन पेनात चूक होते ती निबच्या जाडीत. जपानी कंपनीची फाइन निब युरोपीय फाइनपेक्षा सहसा बारीक लिहिते. देवनागरीत 'ष्ट्र', 'क्ष', रफार, अनुस्वार एवढ्याशा जागेत बसवायचे असतात. अक्षर लहान असेल तर मीडियम निबने त्यांची पोटं भरून जातात. दुकानात 'राष्ट्र' आणि 'कर्तृत्व' लिहून पाहा, नुसत्या रेघोट्या नकोत. कन्व्हर्टरही, म्हणजे बाटलीतली शाई ओढून घ्यायची पेनात बसणारी नळी, विचारून घ्या: पायलट कंपनीचा कन्व्हर्टर लॅमीच्या पेनाला बसत नाही.

नवं पेन अडखळत असेल तर निब दाबू नका. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवा, मग साध्या पाण्याने. कारखान्यातलं तेल राहिलं असेल तर ते निघून जातं. तरीही अडखळलं तर निबची दोन्ही पाती एका पातळीत आहेत का, ते भिंगाने बघा. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई मात्र कधीच भरू नका, ती आत वाळून बसते.

ड्रॉपरने भरायच्या पेनातून शाई संपत आली की टपकन डाग पडतो. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाई ढकलते. पेन खराब नाही, ते वेळेवर भरत जा.