पानाफुलांचे पडदे: आधी उजेड, मग कात्री

आमचं घर मागावरचं. वडील जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरी विणायचे. सोलापुरी चादरीची नक्षी सुतातच असते. चादर उलटली तरी तीच फुलं, फक्त रंगांची अदलाबदल. छापील कापडाचं तसं नाही. कुंचल्याने ओली पानं रंगवल्यासारखं ते सुंदर काम सगळं सुलट बाजूला असतं, मागून कापड फिकट. दुकानात ट्यूबलाइटखाली हिरव्याच्या चार छटा दिसतात. खिडकीत मागून ऊन आलं की त्यातल्या दोन विरून जातात.

म्हणून सोलापूरच्या नवी पेठेतून पडद्याचं कापड आणताना आधी अर्धाच मीटर घ्या. दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीत टाचा आणि पाच पावलं मागे जाऊन बघा. मग मागे मांजरपाट धरा. पानं पुन्हा भरून आली ना? अस्तर लावायचंच. चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या उन्हात रंगही त्यानेच टिकतो. त्याच तुकड्यावर ओलं पांढरं फडकं घासा. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड नको.

आता माप, कारण कापड कमी पडतं ते इथेच. छापाची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा सुरू होते. रोटरी छपाईत, म्हणजे फिरत्या रुळाने होणाऱ्या छपाईत, हे अंतर बहुधा 64 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 25 इंच असतं. माझी खिडकी 5 फूट रुंद, पडद्याची उंची 84 इंच. वरखाली दुमडीचे 10 धरून 94. पण प्रत्येक पट्टा नक्षीच्या त्याच जागी सुरू व्हायला हवा, म्हणून चार नक्ष्या, 100 इंच. चुण्यांसाठी रुंदी दुपटीहून थोडी जास्त, म्हणजे 48 इंची पन्ह्याचे तीन पट्टे. झाले 300 इंच. हवं ते फूल वर यावं म्हणून आणखी एक नक्षी धरून मी सव्वाआठ मीटर घेतलं. पहिल्या वेळी हा हिशेब केला नव्हता. जोडावर देठ एकीकडे आणि पान दुसरीकडे गेलं होतं. तो जोड अजून डोळ्यांपुढे येतो.

कापड सुती असेल तर अस्तरासकट रात्रभर पाण्यात ठेवा, सावलीत वाळवा, मगच कात्री. देठ खाली, शेंडे वर, हे प्रत्येक पट्ट्याला तपासा. तिसरा पट्टा उभा मधोमध कापून एकेक भाग दोन्ही पडद्यांना भिंतीच्या बाजूने जोडा. जोड चुणीत लपतो. रिंगा सम संख्येत, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. अस्तर तीन बाजूंनी शिवा, खालून मोकळं सोडा. दोन कापडं सारखी आटत नाहीत.

तळाची दुमड लगेच पक्की करू नका. मी नुसती टाचून पडदा आठवडाभर लटकत ठेवते. वजनाने कापड उतरतं तेवढं उतरू देते, आणि मग फरशीपासून मोजून हाताने शिवते.