कथेतलं गाणं वाचणाऱ्याला ऐकू कसं आणायचं

फॅन्टसी किंवा गॉथिक (जुने वाडे, दडवलेली पापं, भुताटकीची भीती असलेल्या) कथेत गाणं आलं की बहुतेक जण "तिने गायला सुरुवात केली आणि सगळे मंत्रमुग्ध झाले" असं लिहितात आणि पुढे जातात. मी पण बरीच वर्षं हेच केलंय. पण वाचणाऱ्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही ना, सिनेमावाल्यांकडे पार्श्वसंगीत असतं, आपल्याकडे नुसती अक्षरं, त्यामुळे सुमधुर, स्वर्गीय, काळजाला हात घालणारं असली विशेषणं कितीही ओतली तरी कागद मुका तो मुकाच. म्हणून पहिलं काम हे करा की आवाजाचं वर्णन कमी करून ऐकणाऱ्याकडे बघा.

समजा एक शिंपी रात्री काम करत बसलाय, नवीन मेणबत्ती लावलीय, आणि खालून रस्त्यावरून कुणीतरी गात चाललंय. टाका ओढता ओढता त्याचा हात थांबतो. गाणं लांब जाऊन विरतं तेव्हा खिडकीत उजाडलंय, मेण बशीत गार होऊन बसलंय, हात अजून तसाच वर, आणि त्याला वाटतंय आत्ताच तर पहिली ओळ झाली. आवाज कसा होता हे मी एका शब्दानेही सांगितलेलं नाहीये, तरी त्या गाणाऱ्या बाईला घरात घ्यावंसं वाटणार नाही.

आता लिहायला बसण्याआधी एक ठरवून घ्या, हे गाणं कथेत काय करतंय. माझ्या मते फॅन्टसीतलं गाणं काम करतं, म्हणजे दार उघडतं, जखम भरतं, सैन्य झोपवतं, आणि गॉथिकमधलं गाणं चहाडी करतं, घराने जे दाबून ठेवलंय ते तोंडावर आणतं. दोन्ही एका कथेत येऊ शकतात, पण तुमचं मुख्य गाणं यातलं कुठलं हे तुम्हाला माहीत हवं, नाहीतर ते नुसतं सजावटीला लटकत राहतं.

काम करणारं गाणं असेल तर दोन गोष्टी लागतात, ठोस परिणाम आणि किंमत. यासाठी फिनलंडचं महाकाव्य कालेवाला जरूर वाचा, एलियास लोनरोटने लोकांच्या तोंडची गाणी जमवून ते १८३५ मध्ये छापलं आणि १८४९ मध्ये वाढवून परत काढलं. त्यात म्हातारा वैनामोइनेन आणि तोऱ्यात आलेला तरुण योउकाहाइनेन यांची गाठ पडते आणि म्हातारा चिडून गायला लागतो. मग काय होतं, तर त्या पोराची तलवार आकाशातली वीज होते, धनुष्य इंद्रधनुष्य होतं, घोड्याचा दगड होतो आणि पोरगा स्वतः दलदलीत रुतत जातो. बघा, एकेक वस्तू नाव घेऊन बदलते, "प्रचंड शक्ती प्रकटली" वगैरे काही नाही. आणि मग किंमत. जीव वाचवायला पोरगा आपली बहीण ऐनो म्हाताऱ्याला देऊन टाकतो, आणि तिला ते लग्न नको असतं, ती पाण्यात बुडून मरते. गायला दोघं आणि मेली तिसरीच. मला हे फार मोठं वाटतं, कारण जादूची किंमत म्हटलं की आपण लगेच गाणाऱ्याच्या नाकातून रक्त काढतो, ते खूप वेळा झालंय. किंमत गाणाऱ्याच्या आसपासच्या माणसाने भरली की कथा तिथून पुढे आपोआप चालायला लागते.

भुलवणारं गाणं लिहायचंय तर प्राचीन ग्रीक कवी होमरकडे जा. त्याच्या ओडिसी या महाकाव्याच्या १२व्या सर्गात गाऊन खलाशांना मरणाकडे ओढणाऱ्या सायरन येतात, सगळ्यांना ट्रॉयच्या युद्धावरून घरी निघालेला, डोलकाठीला बांधलेला ओडिसियस आणि खलाशांच्या कानातलं मेण आठवतं, पण त्या गातात काय हे कुणाला विचारा, सांगता येत नाही. गाणं आहे फक्त ८ ओळींचं आणि त्यात रूपाबद्दल, प्रेमाबद्दल चकार शब्द नाही. त्या म्हणतात ट्रॉयला जे जे भोगलं गेलं ते सगळं आम्हाला माहितीये, ये, ऐकून शहाणा होऊन जा. दहा वर्षं लढून आलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असणार. म्हणजे भुलवणारं गाणं लिहिताना गाणाऱ्याचा गळा किती गोड याचा विचार सोडा, ऐकणाऱ्याची भूक शोधा आणि गाण्याला तीच बोलू द्या.

गॉथिककडे वळू. इथे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे शेरिडन ले फानूच्या १८७२च्या कार्मिला या व्हॅम्पायर-कथेतला एक छोटा प्रसंग. एका मुलीची अंत्ययात्रा जातीये, गावकरी प्रार्थनागीत गातायत, कथा सांगणारी लॉरा आदराने उठून त्यांच्यात आपला सूर मिळवते, आणि शेजारी बसलेली तिच्या घरची पाहुणी कार्मिला कान झाकून घेते, तिला तो आवाज सहनच होत नाही. तेच गाणं, दोन कान. बास, एवढ्यात कळतं की या पाहुणीचं काहीतरी वेगळंय, आणि लेखकाने खुलासा वगैरे काही केलेला नाही. हे तंत्र तुम्ही कुठेही वापरू शकता, एकच साधं गाणं वाजू द्या आणि खोलीतल्या चार माणसांपैकी एकाचीच प्रतिक्रिया चुकीची ठेवा.

चहाडी करणाऱ्या वाद्याची तर खूप जुनी परंपरा आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि स्कँडिनेव्हियात दोन बहिणींचं एक लोकगीत वेगवेगळ्या रूपांत गायलं गेलंय, मोठी धाकटीला पाण्यात ढकलते, कुणीतरी त्या मुलीच्या छातीच्या हाडाची हार्प बनवतं, तिच्याच केसांच्या तारा लावतं, आणि ती हार्प घरच्यांसमोर आपणहून वाजून खुनी कोण ते सांगते. म्हणून तुमच्या कथेतलं वाद्य कशाचं बनलंय हे ठरवा, ते आधी कोणाचं होतं, कुणी दुरुस्त केलं, एखादी खुंटी नंतर बसवलेली दिसते का. निम्मं कथानक तिथेच सापडतं.

वाद्यांच्या बाबतीत एक मात्र कळकळीने सांगतो, ती खरी कशी वागतात ते माहीत करून घ्या. चावीची म्युझिक बॉक्स संपत आली की गाणं हळू होतं पण सूर खाली उतरत नाहीत, कारण धातूच्या दातांचा सूर ठरलेला असतो, फक्त दोन टिणटिणांमधलं अंतर वाढत जातं, आणि शेवटचा स्वर येईल की नाही म्हणून आपण श्वास धरून बसतो. ग्रामोफोनची चावी उतरली तर मात्र वेग आणि सूर दोन्ही घसरतात, बाईचा आवाज हळूहळू पुरुषाचा व्हायला लागतो. दोन्ही भीती वेगळ्या, आणि खूप कथांमध्ये म्युझिक बॉक्सला ग्रामोफोनसारखं रडवलेलं असतं. तसंच ओलसर घरात आतड्याच्या तारा हवेतला ओलावा पितात, सूर सोडतात, कधी कुणी हात न लावता तटकन तुटतात. पडक्या वाड्यात रात्री तार तुटल्याचा आवाज यायला भूत लागत नाही, आणि वाचणाऱ्याला ते माहीत असलं तर त्याची शंका जास्त वेळ टिकते.

सैतानी सुराबद्दल थोडं. सा आणि तीव्र म एकदम वाजवून बघा, मोबाईलवर कीबोर्डचं ॲप असेल त्यावर सुद्धा चालेल, काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. या जोडीला युरोपात संगीतातला सैतान असं नाव पडलं. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण तिला पुरावा नाही, त्यामुळे खऱ्या इतिहासातली कथा असेल तर त्या बंदीचा उल्लेख आणू नका. त्यापेक्षा फ्रेंच संगीतकार सँ-सान्सने १८७४च्या डान्स मकाब्र या रचनेत काय केलं ते बघा, त्यात मृत्यू व्हायोलिन वाजवतो, आणि त्या व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार त्याने अर्धा स्वर उतरवून घ्यायला लावली, की शेजारच्या तारेबरोबर हीच जोडी वाजावी. कथेत वादक वाजवण्याआधी एक तार मुद्दाम उतरवतो एवढंच दाखवलं तरी जाणकार सावध होतो आणि बाकीच्यांना पण हा असं का करतोय हे खुपत राहतं.

राहिले शब्द. चार ओळी, फार तर सहा. मी एका कथेत सात कडवी टाकली होती आणि माझ्या मैत्रिणीने ती सगळी स्क्रोल करून टाकली, तिचं बरोबर होतं. मराठीत लिहिताना आठ अक्षरांची ओळ फार उपयोगी पडते, तिला आपसूक ठेका येतो आणि वाचणारा मनात चाल लावून घेतो, म्हणजे जे ऐकू येत नव्हतं ते तो स्वतःच गायला लागतो. उदाहरणार्थ ही अंगाई बघा,

दार लाव, दिवा लाव
बाळ माझं निजू दे गं
जिन्याखाली कोण उभं
त्याला नको येऊ दे गं

ही पहिल्यांदा अगदी साध्या जागी आणा, आजी नातीला थोपटतीये, बाहेर पाऊस, भीतीचं नाव नाही. दुसऱ्यांदा अर्धीच आणा, कुणीतरी भांडी घासताना पहिल्या दोन ओळी गुणगुणतं आणि थांबतं. मधे पन्नास पानं जाऊ द्या. मग आजी गेल्यावर, रिकाम्या खोलीत, नातीला भिंतीपलीकडून तोच आवाज येतो, चारी ओळी त्याच, फक्त शेवटच्या ओळीत "नको"च्या जागी "आता". नातीच्या लक्षात आलं का ते लिहू नका. तिला उठून दिवा लावू द्या आणि प्रकरण तिथेच थांबवा.