ऑटो हाय बीम वेळेवर उतरत नव्हता: काय करून सुटलं

ऑटो हाय बीम म्हणजे कॅमेऱ्याला समोरची गाडी दिसली की हाय बीम आपोआप लो करणारी सोय. ती चालू असूनही ठाण्याच्या घोडबंदर रोडला समोरचे सारखे डिपर मारत असतील, तर आधी कॅमेऱ्यासमोरची काच बघा. कॅमेरा आतल्या आरशामागे असतो. नेमका तिथेच वायपरचा रबर झिजून पट्टा सोडत होता, शिवाय फास्टॅगची कड त्याच्या आड येत होती. रबर बदलला, जुना टॅग काढून नवा खाली लावून घेतला, काच धुतली. निम्मा त्रास तिथेच संपला.

उरलेला त्रास लो बीमच्या रोखाचा. टायरमध्ये नीट हवा, सीटवर ड्रायव्हर, लेव्हलिंगचं चाक (डॅशबोर्डवरचं, दिव्याचा झोत वर-खाली करणारं) 0 वर आणि सपाट जागेवर गाडी भिंतीपासून 5 मीटरवर. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीला टेप लावायची. दिव्यावर 1 टक्का (म्हणजे झोताचा खाली उतार) छापलं असेल तर प्रकाशाची वरची कड टेपच्या 5 सेंमी खाली हवी. डावीकडे ती चढलेली दिसते, ते बरोबरच आहे. दिव्यामागचा स्क्रू पाव-पाव फेराच फिरवा, एक दिवा झाकून.

नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर हाय बीम लागतच नाही म्हणून गॅरेज गाठू नका. रस्त्यावरचे दिवे दिसले की कॅमेरा लो बीमच ठेवतो. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या वळणांवर मात्र स्टिअरिंगजवळचा दांडा ओढून हातानेच लो बीम करावा. समोरचा ट्रक वळणाआड असेपर्यंत कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि दुभाजकामागे त्याचे दिवे झाकले तरी उंच केबिनमधल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत आपला झोत जातोच. पुढची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याची नजर पुन्हा नीट जुळवणं) करून घ्या. ते घरी होत नाही.