फ्युजन प्रोटीन बनवताना या चुका टाळा (जळगावचा उन्हाळा धरून)

फ्युजन प्रोटीन म्हणजे दोन वेगळ्या प्रोटीनचे तुकडे जोडून पेशींकडून बनवून घेतलेलं एकच प्रोटीन. मे महिन्यात जळगावात खोलीचा पारा चाळिशीला टेकला की इनक्युबेटर (पेशी वाढवायची उबदार पेटी) ३७ ऐवजी ३८.५ दाखवायला लागतो. मेकॅनिकला बोलावू नका. साध्या कार्बन डायऑक्साइड इनक्युबेटरला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही. ३७ टिकवायला बाहेरची खोली त्याहून चार-पाच अंशांनी तरी थंड हवी. आत शेकर असेल तर मोटरची ऊब वेगळीच. म्हणून आमच्याकडे एसी माणसांसाठी नाही, पेशींसाठी चालतो. 'भाऊ, लाइट गयी!' अशी हाक आली तरी दार उघडून बघत बसू नका. ट्रान्सफेक्शननंतर (पेशींत आपला डीएनए घातल्यावर) उत्पादन वाढावं म्हणून ३२ अंशांवर आणायचं असेल, तर कूलिंगवालं यंत्रच लागेल.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. रिसेप्टरचा (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रोटीनचा) पेशीबाहेरचा भाग मानवी आयजीजी-१ या अँटिबॉडीच्या एफसीला, म्हणजे शेपटीच्या भागाला, जोडायचा होता. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं इटॅनरसेप्ट हे संधिवातावरचं औषध याच घडणीचं आहे. एचईके २९३ पेशी (मानवी मूत्रपिंडापासून आलेल्या) दहा टक्के सीरममध्ये (गाईच्या रक्तातला पेशीविरहित द्रव) वाढवल्या, माध्यम प्रोटीन-ए कॉलममधून (एफसीला धरून ठेवणारी नळी) सोडलं आणि आलेखावर सुरेख शिखर आलं. पेढे वाटून झाले. मग रिड्यूसिंग जेल (प्रोटीनच्या साखळ्या सुट्या करून वजनाप्रमाणे वेगळ्या करणारी) चालवली, तर ५० आणि २५ किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वजनाचं एकक) दोन ठसठशीत बँड. आमच्या रचनेत लाइट चेन (अँटिबॉडीची लहान साखळी) नाहीच, मग २५ चा बँड कुठून आला? तो सीरममधल्या गाईच्या आयजीजीचा होता. प्रोटीन-ए तिलाही धरतं.

पण २५ दिसलं की लगेच गाईवर ढकलू नका. हार्वेस्टला (माध्यम काढून घ्यायला) उशीर झाला, पेशी मरून त्यांचे प्रोटिएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइम) बाहेर आले, तर जोडणीपाशी तुटलेला सुटा एफसीही त्याच सुमाराला धावतो. गाईच्या आयजीजीला न चिकटणाऱ्या मानवी-एफसी-विरोधी अँटिबॉडीने वेस्टर्न ब्लॉट (जेलवरचा बँड अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) केला की दोघांतला फरक कळतो. ट्रान्सफेक्ट न केलेल्या पेशींचं माध्यमही त्याच कॉलममधून सोडून बघावं. ते टाळून आम्ही दोन महिने घालवले. सीरमशिवायचं माध्यम वापरलं तर ही डोकेदुखीच नाही.

एल्यूशन (कॉलमवर धरलेलं प्रोटीन सोडवणं) साधारण पीएच ३ ला होतं. नळ्यांमध्ये ट्रिस (आम्लता घालवणारं द्रावण) आधीच भरून ठेवा. 'नंतर टाकू' म्हणेपर्यंत प्रोटीनचे गोळे होतात. द्रावण स्वच्छ दिसलं म्हणून गोळे नाहीत असं नसतं, साइझ एक्सक्लूजन (आकारावरून प्रोटीन वेगळं करणारा कॉलम) चालवाच.

हिशेबापेक्षा बँड वर आणि पसरट आला तर घाबरू नका, त्या बहुधा साखरेच्या साखळ्या असतात. पीएनगेज-एफ या एन्झाइमने एन-साखळ्या (नायट्रोजनवर जोडलेल्या) काढल्या की बँड खाली उतरतो. तरी थोडा वरच राहिला तर ओ-साखळ्या (ऑक्सिजनवर जोडलेल्या) असतील. त्यांना हे एन्झाइम हात लावत नाही.

पेशींवर परिणाम तपासण्याआधी एंडोटॉक्सिन मोजा. नाहीतर औषधाचा म्हणून मिरवलेला परिणाम बॅक्टेरियाच्या कवचाचा निघतो.

आणि अँटिबॉडीची ऑर्डर सोमवारीच द्या, शुक्रवारी निघालेलं पार्सल आमच्याकडे रविवारभर कुरिअरच्या पत्र्याखाली पडून असतं आणि सोमवारी डब्यात बर्फाऐवजी कोमट पाणी मिळतं.