गस्तीची बोट पळत नाही? आधी पालथी करून बूड बघा

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पंचावन्न किलोमीटर लांब पसरलाय. चोरून मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यापर्यंत पोचायला गस्तीच्या बोटीला वेग हवाच. पण बोट मंदावली की सगळे मोठं इंजिन मागतात. पैठणला फायबरच्या बोटी दुरुस्त करणारा माणूस म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, इंजिनाच्या आधी बूड बघा.

पहिलं वजन. मी बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून उसाच्या वजनकाट्यावर नेतो, मग रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करतो. बोट कागदावरच्या वजनापेक्षा शंभर-दीडशे किलो जास्त भरली तर तरंगण्यासाठी आत भरलेल्या फोमनं पाणी धरलंय असं समजा. तो फोम काढावाच लागतो, उन्हात ठेवून वाळत नाही.

आता खरं काम. वेग धरला की बोट पाण्यावर चढते आणि मागच्या तळावर घसरत पळते. म्हणून शेवटचे पाच फूट जसे, तशी बोट. गवंड्याची सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी तळाला लांबीच्या दिशेनं लावा आणि पलीकडून बॅटरी मारा. मधून उजेड दिसला तर तिथं खळगा आहे; तो नाक खाली दाबतो, ओला तळ वाढतो, पेट्रोल जळतं. पट्टी मध्येच टेकून दोन्हीकडं डुलली तर फुगवटा. अशी बोट पळताना नाक वरखाली आपटते.

माझ्याकडं आलेली एक बोट वर्षभर दोन टायरांवर ठेवलेली होती. टायर जिथं होते, नेमका तिथंच तळ आत गेलेला. खरवडून, पुरता वाळवून मॅट-रेझिननं, म्हणजे काचतंतूची चटई रेझिनमध्ये भिजवून, भरला. आपल्याकडं मे महिन्यात हे काम पहाटे करा आणि हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव्य, एक टक्क्याच्या आसपासच ठेवा. दुपारी रेझिन डब्यातच घट्ट होतं.

ट्रान्समची, म्हणजे इंजिन लटकतं त्या फळीची खालची कड धारदार हवी. रंगारी पॉलिश पेपर मारून ती गोल करतात, मग पाणी सुटण्याऐवजी फळीला चिकटून वर चढतं. फार वाईट वाटतं ते बघून. बाजूच्या कडाही तशाच सरळ करा.

एवढं करूनही नाक उंचच राहत असेल तर तळाच्या मागच्या कडेला पाचर बसवा. वीस फुटी बोटीला बारा सेंटिमीटर लांब, मागं सहा मिलिमीटर जाड, एवढ्यानं सुरुवात करा. प्रोपेलरसमोर एक फूट जागा मोकळी सोडा. पाचर जाड झाली तर वेगात नाक पाण्यात घुसून बोट अचानक वळते. माणसं फेकली जातात, म्हणून इथं घाई नको.

काम करण्याआधी आणि नंतर, टाकी काठोकाठ भरून, तेवढ्याच माणसांनिशी, तेच अंतर जाऊन-येऊन मोबाइलच्या जीपीएसवर वेग मोजा. एकाच दिशेनं मोजलं तर वाऱ्याचा वेग बोटीच्या खात्यात धराल. आणि बोट काठावर ओढल्यावर टायर नको. मधल्या कण्याखाली लाकडी ओंडके द्या, मागच्या फळीखाली तर पूर्ण रुंदीचा.