मुरगळलेला घोटा रेंगाळलाय? सायकलवर परत येण्याची पद्धत

घोटा मुरगळून तीन-चार आठवडे झाले की सायकल चालवणाऱ्याची हमखास फसगत होते. जिना उतरताना घोटा अजून डळमळतो, खडबडीत जमिनीवर टोचतो, पण सायकलवर बसलं की काहीच दुखत नाही. मग माणूस ठरवून टाकतो की घोटा बरा झाला.

तो बरा झालेला नसतो. पेडल मारताना पाऊल फक्त वर-खाली हलतं. मुरगळताना ताणलं किंवा फाटलं जातं ते बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा चिवट पट्टा), आणि त्याचं काम पाऊल आत वळू न देणं हे. पेडलवर त्याला जवळजवळ कामच नसतं. शंभर किलोमीटर चालवूनही त्याची परीक्षा होत नाही. ती होते सायकल थांबवून पाय टेकवण्याच्या एका सेकंदात. या लेखातला बराचसा भाग त्या सेकंदाबद्दल आहे.

आधी हाड तपासा

एक्स-रे कधी काढायचा यासाठी कॅनडात १९९२ साली मांडलेले 'ओटावा नियम' आजही जगभर वापरतात. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाचं टोक किंवा मागची कड (खालचे ६ सेंमी) दाबल्यावर दुखत असेल, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर बाहेर आलेलं हाड किंवा पावलाच्या आतल्या कमानीवरचं हाड दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. 'सूज उतरली की बघू' असं म्हणून थांबू नका.

पहिले काही दिवस

क्रेप बँडेज, पाय उंच, झेपेल तेवढं चालणं. बर्फ दुखणं कमी करण्यापुरता, १०-१५ मिनिटं, कापडातून. १९७८ साली विश्रांती-बर्फ-दाब-पाय उंच हे सूत्र मांडणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनी बर्फाबद्दलचं आपलं मत पुढे स्वतःच बदललं. त्यामुळे दिवसभर बर्फात पाय घालून बसण्याचा सल्ला सोडून द्या. हाड शाबूत असेल तर आठवडेच्या आठवडे पाय न टेकता बसणं हाही वाईट सल्ला. घोटा आखडतो, पोटरी वाळते आणि पुढचं सगळं लांबतं. बाजूंनी आधार देणारा ब्रेस घालून हळूहळू चालत राहणं केव्हाही चांगलं.

ट्रेनरवर सुरुवात

न लंगडता घरात चालता येऊ लागलं की सायकल ट्रेनरला (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडला) लावा. साधे सपाट पेडल, साधे बूट, हलका गिअर, मिनिटाला ८०-९० फेरे, पहिल्या दिवशी १० मिनिटं. उभं राहून पेडल मारायचं नाही. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आदल्या सकाळपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर एक दिवस सुट्टी, मग निम्मा वेळ. ही सकाळची तपासणी चुकवू नका. चालवताना अंग तापलेलं असतं, तेव्हाचा घोटा खोटं सांगतो.

सीट आणि क्लीट

काहीही हलवण्याआधी सीटच्या नळीवर चिकटपट्टीने खूण करा आणि क्लीटभोवती (बुटाच्या तळाला लावलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) पेनाने रेघ मारा.

'घोटा दुखतोय, सीट खाली घे' हा सल्ला अर्धवट आहे. नेमकं कुठे आणि पेडल कुठल्या जागी असताना दुखतं ते आधी बघा. पेडल सगळ्यात खाली असताना बाहेरच्या घोट्याच्या पुढे-खाली ताण येत असेल तर सीट उंच आहे. पाय पुरवण्यासाठी चवडा खाली झुकतो आणि चवडा झुकला की तेच लिगामेंट ताणलं जातं. अशा वेळी सीट ५ मिमी खाली घ्या.

पण पेडल सगळ्यात वर असताना घोट्याच्या पुढच्या बाजूला, बुटाच्या नाडीखाली चिमटा बसत असेल, तर सीट खाली घेतल्यावर तो वाढणार. तिथे अडचण असते ती घोटा पुढे वाकत नाही ही. भिंतीसमोर उभे राहा, टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला लावा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते मोजा. दोन्ही पायांत २ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर हीच हालचाल व्यायाम म्हणून रोज दोनदा १५-१५ वेळा करा. टाच उचलली गेली तर ती मोजायची नाही.

क्लिपलेस (क्लीट अडकवायचे) पेडल वापरायला लागाल तेव्हा दोन्ही बुटांच्या क्लीट टाचेच्या दिशेला ५ मिमी सरकवा. पेडलवरचा जोर घोट्याच्या जवळ येतो, पोटरीचं काम कमी होतं. चिमट्याचा त्रास नसेल तर सीट त्यासोबत आणखी २-३ मिमी खाली.

रस्त्यावर येण्याआधी: पाय टेकवणं

इथे घाई करणारे पुन्हा मुरगळून घेतात. लिगामेंटला इजा झाली की पाऊल कुठे आणि कसं आहे याची खबर देणारी तिथली यंत्रणाही मंदावते. सूज उतरते, दुखणं जातं, ही जाणीव मात्र सराव केल्याशिवाय परत येत नाही. आणि सायकल चालवून हा सराव होत नाही.

रोज अनवाणी, भिंतीजवळ, दुखऱ्या पायावर उभे राहा. ३० सेकंद, चार वेळा. ३० सेकंद स्थिर जमले की मान वळवून खांद्यावरून मागे बघा, जसं लेन बदलताना बघता तसं. बहुतेकांचा घोटा इथेच लटपटतो. ते जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या टॉवेलवर. सोबत रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेर वळवणं, १५ चे तीन फेरे, परत आणताना सावकाश. आणि टाचा उचलणं: आधी दोन्ही पायांवर, मग एका. चांगल्या पायावर जितक्या वेळा जमतं तितकं दुखऱ्यावर जमेपर्यंत हा व्यायाम सोडू नका.

मग पायरी. १५-२० सेंमी उंचीच्या पायरीवरून कडेला, दुखऱ्या पायावर उतरा. दहाचे तीन फेरे. पाऊल पूर्ण सपाट पडलं पाहिजे, गुडघा किंचित वाकलेला. पाय टेकल्यावर घोट्यात बारीक थरथर दिसत असेल तर रस्ता अजून एक आठवडा लांब आहे.

आता सायकल घ्या. ती ट्रेनरवरून काढा आणि भिंतीजवळ ब्रेक दाबून तिच्यावर उभे राहा. बरेच जण सीटवर बसल्या बसल्या चवड्याचं टोक जमिनीला लावून थांबतात. सीटची उंची बरोबर असेल तर बसून पूर्ण पाऊल टेकत नाही, म्हणून चवडा ताणून खाली करावा लागतो आणि अंगाचं वजन त्या टोकावर येतं. चवडा खाली, त्यात सायकल कलली की पाऊल आत वळणार. घोटा पहिल्यांदा मुरगळतो तो नेमका याच स्थितीत. सुजलेल्या घोट्याने असं कधीही थांबू नका.

बरोबर पद्धत: ब्रेक लावत वेग कमी करा, चांगल्या बाजूचं पेडल वर आणि दुखऱ्या बाजूचं खाली येऊ द्या, खालच्या पेडलवर उभे राहून सीटच्या पुढे सरका, वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या तयारीत. मग चांगला पाय सायकलपासून वीतभर लांब, सपाट, बोटं समोर करून टेका. दुखरा पाय पेडलवरच राहू दे. नेहमी उजवा टेकायची सवय असेल आणि उजवाच दुखरा असेल तर डावा टेकायचा सराव मोकळ्या जागेत किमान ३० वेळा करा, कारण घाबरल्यावर शरीर जुनीच सवय वापरतं. त्याच कारणाने दुखऱ्या पायालाही हा सराव लागतो: भिंतीला हात लावून सायकल हळूहळू त्या बाजूला कलू द्या आणि पाऊल सपाट पडू द्या. कधी ना कधी सायकल त्या बाजूलाच कलणार आहे.

क्लिपलेस पेडल या सगळ्याच्या नंतर. क्लीट सोडवताना टाच बाहेर जाते, म्हणजे बोटं आत वळतात. हा पीळ सरळ त्याच लिगामेंटवर येतो. म्हणून दुखरा पाय सोडवायचा तो सायकल पूर्ण थांबल्यावर आणि चांगला पाय जमिनीवर आल्यावरच. पेडल सगळ्यात खाली ठेवा, पाय जवळजवळ सरळ, टाच चवड्याच्या पातळीत, आणि वळवायचं ते खुब्यापासून अख्खा पाय. गुडघा वाकलेला असताना झटका दिला की सगळा पीळ घोट्यात जातो.

पेडलची पकड स्क्रूने सर्वांत सैल करा. शिमानोच्या दोन बोल्टच्या क्लीटच्या पेडलसाठी बुटाला एसएच-५६ क्लीट लावली तर पाऊल एकापेक्षा जास्त दिशांनी सुटतं. दुखऱ्या घोट्याला मी दुसरं काही सुचवणार नाही. रस्त्यावरच्या तीन बोल्टच्या क्लीटमध्ये मोकळीक (अडकलेलं पाऊल न सुटता जेवढं वळू शकतं ती) जास्त घ्यावी की कमी यावर वाद होतात. पिवळ्या शिमानो क्लीटला ६ अंश मोकळीक असते, निळीला २, लालला अजिबात नाही. मोकळीक जास्त असेल तर पाऊल चालवताना आपल्या सोयीने बसतं, पण सुटायला तेवढंच जास्त वळवावं लागतं. चालवताना दुखत असेल तर पिवळी ठेवा. फक्त सोडवतानाच दुखत असेल तर क्लीट बदलू नका, आणखी दोन आठवडे सपाट पेडल वापरा. आणि तीन बोल्टच्या क्लीट घालून गुळगुळीत फरशीवर चालू नका. बूट हातात घ्या.

रस्त्यावर

आधी वेळ वाढवा, मग चढ, मग जोर, सर्वांत शेवटी उभं राहून चालवणं. एका आठवड्यात यातली एकच गोष्ट. पहिले काही दिवस ब्रेस बुटात मावत नसेल तर बूट बदला, ब्रेस काढू नका.

सहा आठवडे झाले, तरी दुखतंय

अशा वेळी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना नेमकी जागा दाखवा. घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमध्ये दुखत असेल आणि बोटं बाहेर वळवल्यावर वाढत असेल तर ती वरच्या जोडाची दुखापत असू शकते. तिला साध्या मुरगळण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. सांध्याच्या आत खोलवर दुखणं, अडकल्यासारखं होणं किंवा पुन्हा पुन्हा सुजणं हे कूर्चेच्या इजेचं लक्षण असू शकतं आणि ती साध्या एक्स-रेत नजरेतून सुटू शकते. एमआरआयची गरज आहे का ते विचारा. बाहेरच्या हाडामागे कटकट वाजून काहीतरी सरकत असेल तर तिथला स्नायूबंध तपासायला सांगा.

जुन्या मापावर परत

भिंतीच्या चाचणीतला फरक २ सेंमीच्या आत आला आणि पायरीवरून उतरताना थरथर थांबली की सीट चिकटपट्टीच्या खुणेकडे न्यायला लागा: एका वेळी २ मिमी, मध्ये किमान तीन राइड. क्लीट त्यानंतर, पेनाच्या रेघेपर्यंत. पेडल सगळ्यात खाली असताना चवडा पुन्हा खाली झुकू लागला तर शेवटचे २ मिमी परत खाली घ्या.