गोगाबाबा टेकडीची धार चालताना

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, औरंगाबाद लेण्यांजवळ गोगाबाबा टेकडीचा जो डोंगर दिसतो, तो पावसाळ्यानंतर फेब्रुवारीपर्यंत चालावा. एप्रिल-मे महिन्यांत ऊन ४० अंशांच्या पुढे जाते आणि उघड्या माथ्यावर सावली जवळजवळ नसते. उजाडताच चढायला लागून ऊन तापण्यापूर्वी उतरावे. वर पाणी मिळेल असे गृहीत न धरता माणशी किमान तीन लिटर पाणी सोबत घ्यावे.

चढण्यापेक्षा उतरणे अधिक जपून करावे लागते, कारण दिवाळीनंतर वाळलेले गवत मुरमाड उतारावर आडवे पडते, त्याखालचे सुटे खडे दिसत नाहीत आणि गुळगुळीत तळव्याचा बूट तिथे हमखास घसरतो. पाय आडवा टाकावा, पावले लहान ठेवावीत आणि दोघांनी एका रेषेत उतरू नये, म्हणजे वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागणार नाही. कुसळांसाठी लांब पँट बरी; हाफ पँटची हौस इथे महागात पडते. कड्याला आग्या मोहोळ दिसल्यास धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळून लांबून जावे.